झेंडा एकाचा, जहाज दुसऱ्याचं

आमच्या नाशिकच्या कॉलेजात ‘आंतरराष्ट्रीय अभ्यास’ हा विषय एकटा कुणालाच मिळत नसे. तो सेकंड मेजर होता, म्हणजे दुसरा मुख्य विषय. पहिला विषय रसायनशास्त्र, संख्याशास्त्र, कॉमर्स असं काहीतरी ‘पोटापाण्याचं’ घ्यायचं आणि त्याच्या जोडीला, तितक्याच तोलाचा म्हणून, आमचा. बाहेरच्या माणसाला समजावताना मी सांगायची, मुलीचं माहेर रसायनशास्त्रात आणि सासर माझ्याकडे. दोन्ही घरची कामं तिनंच करायची आणि उशीर झाला म्हणून दोन्हीकडची बोलणीही तिनंच खायची.

मी राज्यशास्त्राची प्राध्यापक. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत हा अभ्यासक्रम माझ्याकडे आला आणि यंदाच्या मे महिन्यात निवृत्त होईपर्यंत तो मी चालवला. ‘चालवला’ म्हणजे काय, तर वेळापत्रकाशी भांडले. प्रयोगशाळा सकाळी अकरा ते तीन, म्हणून आमचे तास सकाळी सातला नाहीतर दुपारी साडेतीनला. सातच्या तासाला पोरं झोपेत आणि साडेतीनच्या तासाला भुकेली. रसायनशास्त्राचे प्रमुख शेवाळे सर तर मला बघितलं की आधीच हात जोडायचे, “मॅडम, आज माझ्या पोरांना सोडा हो, प्रॅक्टिकल राहिलंय.”

प्रवेशाच्या वेळी तर गंमतच. मुलांपेक्षा पालक जास्त प्रश्न विचारायचे. एक गृहस्थ सिडकोतून मुलाला घेऊन आले आणि शांतपणे म्हणाले, “यातून नेमक्या कुठल्या देशाचा व्हिसा मिळतो?” मी म्हटलं, कुठल्याच नाही. तर मुलाकडे वळून म्हणाले, “मग संख्याशास्त्राबरोबर अर्थशास्त्रच घे.” एका मुलानं विषय घेतला कारण त्याची ओझरची बस आमच्या तासाच्या वेळेशी जुळत होती. तो पुढे वर्गातला सगळ्यात चांगला मुलगा निघाला, आता दिल्लीला शिकतो. कोण कशासाठी येतं यावरून काही सांगता येत नाही, हे मी फार लवकर शिकले.

मी स्वतः भारताबाहेर कधी पाऊल टाकलेलं नाही. करार, सीमा, समुद्र, दूतावास असं सगळं नाशिकच्या एका खोलीत खडूनं शिकवत होते. ‘याचा उपयोग काय’ हा प्रश्न इतक्यांदा ऐकला होता की माझं उत्तर पाठ झालं होतं. ते मलाही फारसं पटत नसे. निवृत्तीच्या आदल्या वर्षात मात्र एक गोष्ट घडली, आणि तीच सांगायला हा लेख लिहायला घेतलाय.

प्रज्ञा इगतपुरीची. वडील रेल्वेत फिटर, आई घरी. रोज पहाटेची गाडी पकडून नाशिकरोडला यायची आणि तिथून सिटी बसनं कॉलेजात. रसायनशास्त्र वडिलांनी निवडलेलं, कारण अंबडच्या एखाद्या कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी लागली की पोरगी मार्गी लागली असा त्यांचा हिशेब. दुसरा विषय तिनं स्वतः निवडला. का, असं मी पहिल्या दिवशी विचारलं होतं. “भाऊ जहाजावर जायचं म्हणतोय मॅडम. तो कुठं जाणार ते आपल्याला कळायला नको?” असं तिचं उत्तर होतं.

भावाचं नाव सुजात. आयटीआय करून त्यानं जहाजावरच्या कामाचा एक छोटा कोर्स केला आणि मुंबईच्या एका एजंटामार्फत मालवाहू जहाजावर लागला. त्याच्या पहिल्या सफरीचा नकाशा प्रज्ञानं वर्गात फळ्यावर काढून दाखवला होता.

तिसऱ्या वर्षाचं कॉलेज सुरू झालं आणि प्रज्ञा माझ्या तासांना दिसेना. शेवाळे सरांना विचारलं तर म्हणाले, प्रॅक्टिकलला येते, पण एकदा ब्युरेटची काचेची नळी हातातून सुटून फुटली, लक्ष नाही पोरीचं. मला वाटलं, इतरांसारखी तीही दमली. तिसऱ्या वर्षात दोन्ही विषयांचा भार वाढतो आणि सोडायची वेळ आली की आमचा विषय सुटतो.

जुलैत एक दिवस ती विभागात आली. ओली छत्री दाराबाहेर ठेवली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, “मॅडम, सेकंड मेजर सोडायचंय.”

“बस आधी. शेवाळे सर काही बोलले का?”

“नाही. घरी प्रॉब्लेम झालाय. मला दोन्ही जमणार नाही.”

“कसला प्रॉब्लेम?”

ती खुर्ची ओढून बसली. मग तिनं सांगितलं. सुजातचं जहाज गुढीपाडव्यापासून आखातातल्या एका बंदराबाहेर नांगर टाकून उभं होतं. मालकानं पैसे पाठवणं बंद केलं होतं, फोन उचलणं बंद केलं होतं. पगार थांबला, मग डिझेल संपत आलं, मग भाजी संपली. पिण्याचं पाणी मोजून मिळत होतं. किनारा दिसत होता, रात्री गावातले दिवे दिसत होते, पण उतरता येत नव्हतं.

“उतरता का येत नाही?” मी विचारलं, आणि विचारतानाच मला उत्तर आठवलं, कारण ते मीच शिकवत होते. नांगरलेलं जहाज बेवारस सोडता येत नाही, त्यावर काही माणसं असावीच लागतात. बदली माणसं आल्याशिवाय बंदर यांना उतरू देणार नाही, आणि बदली माणसं मालकानं पाठवायची. मालक गायब.

“जहाज कुणाचं आहे?”

“तेच तर कळत नाही मॅडम. कंपनी एका देशातली, एजंट मुंबईचा, कप्तान तिसराच. आणि झेंडा कुठल्यातरी बेटाचा.”

वाचणाऱ्यासाठी थोडं सांगते. समुद्रातल्या प्रत्येक जहाजाला एखाद्या देशाचा झेंडा असतो, म्हणजे त्या देशात त्याची नोंदणी असते आणि जहाजावर त्या देशाचा कायदा चालतो. पण मालक त्या देशाचा असलाच पाहिजे असं नाही. नोंदणी स्वस्त आणि सोपी म्हणून पुष्कळ मालक दूरच्या एखाद्या चिमुकल्या देशाचा झेंडा घेतात. वर्गात या देशांची नावं वाचली की मुलं हसायची. नकाशात टिंबाएवढा देश आणि त्याची जहाजं शेकड्यांनी! त्या दिवशी त्यातल्याच एका टिंबावर प्रज्ञाच्या भावाची सुटका अवलंबून होती.

“मग तक्रार केलीत का कुठे?”

“पप्पा करू देत नाहीत.”

एजंटानं वडिलांना फोनवर बजावलं होतं की तक्रार केली तर पोराचं नाव काळ्या यादीत जाईल, पुन्हा कुठल्या जहाजावर पाय ठेवता येणार नाही. थोडी कळ काढा, मालक पैसे पाठवणार आहे. हे तो दर आठवड्याला सांगत होता.

विषय सोडायचं आपण नंतर बघू, असं मी तिला म्हणाले आणि रविवारी इगतपुरीला गेले. असं कुणाच्या घरी जायची माझी पद्धत नव्हती. पण फोनवर तिच्या वडिलांना काही सांगता येईल असं मला वाटेना.

इगतपुरीत धुकं इतकं होतं की स्टेशनवर समोरचा प्लॅटफॉर्म दिसत नव्हता. प्रज्ञा घ्यायला आली होती. रेल्वे क्वार्टरमधल्या खोल्यांत दोऱ्यांवर कपडे वाळत घातलेले, ते चार दिवस झाले तरी वाळले नव्हते. वडिलांनी “जय भीम, मॅडम” म्हणून खुर्ची पुढे केली. आईनं चहा ठेवला.

मी माझ्या परीनं समजावलं. कायदा काय आहे, कुठे लिहायचं, कुणाची जबाबदारी. ते शेवटपर्यंत ऐकून घेत होते. मग म्हणाले, “मॅडम, तुम्ही सांगता ते खरं असंल. पण मी उभी हयात रेल्वेत काढली. वर लिहिणाऱ्याचं काय होतं ते मी लय बघितलंय. पोराचं करिअर अजून सुरूबी नाय झालं.”

“पण पप्पा, तिथं खायला नाही त्याला,” प्रज्ञा म्हणाली.

“तो मला म्हणतो सगळं व्यवस्थित हाय.”

“तुम्हाला म्हणतो!”

  तेव्हा आतून आई आली.  “त्यालाच विचारा ना,” ती म्हणाली. “जहाजावर तो हाय, आपण नाय.”

फोन लागायला वेळ गेला. जहाजावर किनाऱ्यावरचं नेटवर्क कधी यायचं कधी जायचं. लागला तेव्हा प्रज्ञानं स्पीकर लावला.

“आई, जेवलीस का?” पलीकडून आवाज आला. अगदी कोवळा आवाज. मी उगाच दणकट माणसाचा आवाज मनात धरून बसले होते.

“जेवले. तू काय जेवला?”

“भात.”

“भातासंगं काय?”

 प्रज्ञानं फोन आईच्या आणखी जवळ धरला.

“भातच,” तो म्हणाला.

आईनं पदर तोंडाला लावला. वडिलांनी फोन हातात घेतला. “सुजात, खरं सांग. वर लिहायचं का? एजंट म्हणतो, पुढं काम मिळायचं नाय.”

“पप्पा, पुढचं राहू द्या. आधी इथून तर निघू. लिहा तुम्ही.”

वडिलांनी फोन प्रज्ञाच्या हातात दिला आणि मला म्हणाले, “मॅडम, तुम्ही सांगाल तसं.” ते इतकं वाकून म्हणाले की मला अवघडल्यासारखं झालं. परतीच्या गाडीत मी कुणाकुणाला लिहायचं त्याची यादी केली. पुस्तकातलं सगळं माहीत होतं, पण आजवर मी दूतावासाला साधा ईमेल पाठवला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघी विभागात बसून लिहायला लागलो. त्या देशातला आपला दूतावास, मुंबईतलं जहाजांचं सरकारी कार्यालय, खलाशांसाठी काम करणारी एक संघटना, त्या बंदराचे अधिकारी आणि झेंडेवाला देश. इंग्रजी मी बघायची, पण कुठल्या कार्यालयाचं काम काय, हे शोधण्यात प्रज्ञा माझ्यापेक्षा तल्लख निघाली. तिनंच वाचून काढलं की अशा वेळेसाठी जहाजाचा विमा असावा लागतो. मालकानं खलाशांना वाऱ्यावर सोडलं तर विमा कंपनीनं जेवणपाण्याची सोय करायची, घरी पोचवायचं आणि थकलेल्या पगारातला काही भागही द्यायचा. वर्गात मी हे एका वाक्यात उरकत असे.

“मग विमा कुणाचा आहे ते सुजातला विचारायला लाव,” मी म्हटलं.

सुजात कप्तानाकडे गेला. आम्हाला भीती होती की कप्तान मालकाचा माणूस, तो काही सांगायचा नाही. पण त्यालाही कित्येक महिने पगार नव्हता, त्याच्याही घरी लेकरं होती. त्यानं विमा कंपनीचं नाव सांगितलं आणि वर म्हणाला, सगळ्यांच्या वतीनं अर्ज करा, पहिली सही माझी. दोघा खलाशांनी सह्या केल्या नाहीत, काळ्या यादीची भीती त्यांनाही होती. सुजात त्यांच्यावर चिडला नाही. “त्यांच्या बहिणींची लग्नं व्हायचीत,” एवढंच तो प्रज्ञाला म्हणाला.

सगळीकडून उत्तरं आली, ती बहुतेक एकाच प्रकारची. आपला संदेश मिळाला, योग्य विभागाकडे पाठवला आहे. आखातातल्या दूतावासातल्या एका अधिकाऱ्यानं मात्र खरोखर फोन केला आणि चांगले प्रश्न विचारले. त्यानंच सुचवलं, झेंडेवाल्या देशाला फोन करून मागे लागा, ते हलले तर बाकीचं हलतं.

तर मी फोन केला. घरून, संध्याकाळी, कारण त्यांच्याकडे तेव्हा सकाळ होती. पलीकडे एका बाईनं उचलला. अतिशय शांत, गोड आवाज. मी मनात तयार केलेलं भाषण विसरले आणि तोंडातून निघालं, “मॅडम, आमचा मुलगा तुमच्या जहाजावर आहे.” त्या म्हणाल्या, कुठलं जहाज, नावाचं स्पेलिंग सांगा. मी एकेक अक्षर सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, परत वाचून दाखवलं, आणि म्हणाल्या की हे मी आजच वर देते. फोन ठेवला तर आमचे हे दारात उभे.

“कुणाशी बोलत होतीस एवढं उभं राहून?”

“एका राष्ट्राशी,” मी म्हटलं. आणि मग मला जे हसू फुटलं ते थांबेना. इतकी वर्षं शिकवलं, त्यात परराष्ट्राशी झालेला माझा पहिला संवाद स्पेलिंग सांगण्यात गेला होता.

त्यानंतर आम्ही पुन्हा पुन्हा फोन केले, पुन्हा पुन्हा लिहिलं. प्रज्ञा दुपारी वर विभागात येऊन बसायची, तिची प्रॅक्टिकलं मागे पडत होती. एक दिवस शेवाळे सर विभागात आले. मला वाटलं आता भांडण. तर ते प्रज्ञाला म्हणाले, “तुझी बॅच मी शनिवारी सकाळी लावतो. तू आणि मी, दोघंच. भावाचं आधी उरक.” आणि माझ्याकडे न बघताच निघून गेले. त्या माणसाशी मी वर्षानुवर्षं तासांवरून भांडले होते. त्यानंतर मला भांडता आलं नाही.

गणपती बसायच्या सुमारास प्रज्ञाच्या फोनवर एक फोटो आला. लोखंडी टेबलावर कोबीचा गड्डा, मधोमध कापलेला, शेजारी अंड्यांचा ट्रे. विमा कंपनीची पहिली बोट पोचली होती, पाणी आणि भाजी घेऊन. प्रज्ञा त्या कोबीकडे बघून रडली आणि मी तिच्याकडे बघून. तो फोटो तिच्या आईनं शेजारच्या सगळ्या क्वार्टरांत फिरवून दाखवला म्हणे.

पण उतरायचं अजून बाकीच होतं. बदली माणसं येईनात. आज येतील, पुढच्या आठवड्यात येतील. या काळात एजंटाचा वडिलांना पुन्हा फोन आला, आवाज चढवून. वडिलांनी काय उत्तर दिलं ते प्रज्ञानं मला सांगितलं. “साहेब, आता तुम्ही माझ्याशी बोलू नका. माझ्या पोरीशी बोला, तिला सगळं माहीत हाय.” त्यानं पुन्हा फोन केला नाही.

नवरात्र सुरू होतं. वणीच्या देवीला जाणाऱ्या जादा बसेसमुळे रस्ता तुंबलेला, वर्गात निम्मी पोरं. मी पहिल्या वर्षाला राष्ट्रांमधले करार शिकवत होते. तेवढ्यात दार ढकलून प्रज्ञा आत आली, प्रयोगशाळेतला पांढरा कोट तसाच अंगात.

“मॅडम, उतरला!”

मी खडू खाली ठेवला.  पुढच्या बाकावरच्या एका मुलानं भाबडेपणानं विचारलं, “कोण उतरलं? कुठून?” मी प्रज्ञाला म्हटलं, तूच सांग त्यांना. तिनं सांगितलं. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही.

सगळंच गोड झालं असं नाही. जहाजावरचा स्वयंपाकी, वयस्क माणूस, त्याची बदली आली नाही म्हणून मागे राहिला. तो नंतर सुटला असं कानावर आलं, पण माझी खात्री नाही. पगाराचा मोठा भाग त्या बंदराच्या कोर्टात अडकला आहे, जहाज विकलं गेलं तर मिळेल. एजंटाचं दुकान अजून चालू असावं. आणि सुजात पुन्हा जहाजावर जायचं म्हणतोय! त्याच्या नावावर कुठली यादी लागली का, ते नव्या नोकरीचे कागद पुढे गेल्यावर कळेल.

प्रज्ञा दोन्ही विषयांत पास झाली. माझ्या विषयात तिला फार गुण पडले नाहीत, कारण तिनं अर्धा पेपर एकाच प्रश्नावर लिहिला आणि बाकीचा धावत पळत. सध्या ती अंबडला एका कंपनीच्या लॅबमध्ये आहे, वडिलांच्या मनासारखं. दुसऱ्या विषयाचं पुढे काय करायचं ते तिनं ठरवलेलं नाही. मीही विचारत नाही. मी गेल्यावर हा अभ्यासक्रम बंद पडेल अशी मला धास्ती होती, पण जूनमध्ये एक तरुण प्राध्यापिका रुजू झाल्या. वेळापत्रकाचं भांडण आता त्यांचं.

सुजात घरी आल्यावर दोनेक दिवसांनी मी इगतपुरीला गेले. त्याला बघावं, चार शब्द बोलावे, एवढंच मनात होतं. सोबत भगरीची पुडी आणि थोडे बेदाणे घेतले. क्वार्टरपाशी पोचले तर वडील दाराबाहेर स्टूल टाकून बसलेले. मला बघून लगबगीनं उठले आणि ओठांवर बोट ठेवलं.

“झोपलाय,” ते कुजबुजले. “काल दुपारपास्नं. मधी उठला, जेवला, परत झोपला.”

आम्ही तिथेच बाहेर बसलो. आईनं चहा आणला, कपबशीचा आवाज होऊ नये म्हणून नुसते पेले. शेजारच्या पोरांचा क्रिकेटचा चेंडू अंगणात आला तर वडिलांनी तो उचलून लांब नेऊन दिला आणि पोरांना पलीकडच्या मैदानावर पाठवलं. प्रज्ञानं दार बोटभर उघडून मला आत बघायला सांगितलं. अंधारात पलंगावर गोधडी दिसली आणि गोधडीबाहेर आलेला एक पाय. बस्स. मी दार लोटून घेतलं.

 निघताना वडील स्टेशनपर्यंत आले. गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभे होते, आणि मग त्यांनी हात वर केला.

दुपारची गाडी, डबा रिकामा, खिडकीतून भाताची खाचरं. मी जरा डोकं टेकलं. जागी झाले तेव्हा समोर एक बाई कांद्याच्या भावावरून नवऱ्याशी वाद घालत होत्या आणि बाहेर पाटीवर लासलगाव लिहिलेलं होतं. नाशिकरोड कधीच मागे गेलं होतं. उतरले, बाकावर बसले आणि घरी फोन लावला.

“कुठे आहेस?” यांनी विचारलं.

“लासलगावला.”

“लासलगावला? तिथं काय काम?”

“काही नाही,” मी म्हटलं. “झोप लागली होती.”